प्रॅक्टिकलच्या तासाला प्रॅक्टिकल होऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका निवृत्त प्राध्यापक सरांचं पत्र आलं होतं, की हल्लीची इंजिनिअरिंगची पोरं लेक्चरला बसत नाहीत, थेट लॅपटॉप उघडून कोड बडवत सुटतात आणि त्यामुळे त्यांचा पाया कच्चा राहतो. पत्र छान होतं, भाषा तर फारच छान, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी त्याचा फोटो टाकला तर दोन दिवस त्यावर अंगठे पडत होते. मी पण वाचलं. पण वाचताना सारखं वाटत होतं की सर ज्या पोरांबद्दल बोलतायत ती पोरं आहेत तरी कुठे? मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, दरवर्षी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते, आणि अशी थेट कोड बडवत सुटलेली पोरं मला भेटली असती तर मी त्यांना चहा पाजून वर ऑफर लेटर दिलं असतं. मला भेटतात ती पोरं लेक्चरलाही धड बसलेली नसतात आणि त्यांनी कोडही बडवलेला नसतो. त्यांनी उतरवून काढलेलं असतं.

सरांना याची कल्पना नसावी असं मी म्हणणार नाही, इतकी वर्षं कॉलेजात काढलेल्या माणसाला काय माहीत नसतं. पण पत्रात ते आलं नाही म्हणून हे लिहितेय.

माझा भाचा लातूरहून इथे शिकायला आलाय, आमच्याकडेच राहतो, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच त्याच्या टर्मवर्कवर संक्रांत नको. टाइमटेबल बघितलं तर कोणीही म्हणेल वा काय प्रॅक्टिकलवर भर आहे, दोन-दोन तासांचे सेशन, बॅचेस पाडलेल्या, सगळं व्यवस्थित. आता त्या दोन तासांत काय होतं ते ऐका. पहिला बराच वेळ हजेरी आणि मशीन चालू करण्यात जातो, ज्याचं मशीन चालू होत नाही तो शेजारच्या मशीनवर तिसरा म्हणून जाऊन बसतो. मग मागच्या असाइनमेंटचं राइट-अप तपासून घ्यायची रांग. राइट-अप हाताने लिहायचं बरं का, टायटल, एम म्हणजे उद्देश, थिअरी, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, शेवटी कन्क्लुजन. प्रोग्रॅम अजून एकदाही चाललेला नसतो पण आपण स्टॅकचा यशस्वीपणे अभ्यास केला असं कन्क्लुजन मात्र लिहून तयार. मॅडम सही करतात. मॅडमना मी दोष देत नाही, एका बॅचला वीसच्या वर पोरं, सेमिस्टर संपायच्या आत सगळ्यांच्या सगळ्या सह्या झाल्या पाहिजेत, नाहीतर टर्मवर्क, म्हणजे वर्षभराच्या कामाचे मार्क, अडकतं आणि मग आई-बाप ऑफिसात येऊन उभे राहतात. उरलेल्या वेळात सिनियर्सच्या ग्रुपवरून आलेली पीडीएफ उघडायची, कोड चिकटवायचा, आउटपुटचा स्क्रीनशॉट काढायचा, प्रिंट मारायला झेरॉक्सवाल्याकडे पळायचं. झालं प्रॅक्टिकल.

परीक्षेलाही तेच. चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवर वर्षभरातल्याच असाइनमेंटपैकी एक येणार हे पोरांनाही माहीत आणि बाहेरून आलेल्या एक्झामिनरलाही माहीत, म्हणून पोरं कोड पाठ करतात. हो, पाठ. शुभंकरोतीसारखा. कंस कुठे उघडतो, कंस कुठे बंद होतो, सगळं तोंडपाठ, आणि मधली एक ओळ आठवली नाही की सगळं बोंबललं, कारण ती ओळ तिथे का आहे हे कधी विचारलेलंच नसतं.

आणि यात वाईट काय वाटतं माहितीये का, असाइनमेंट्स मुळात चांगल्या आहेत. सिलॅबस बनवणाऱ्या लोकांनी डोकं लावलंय. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमात, सेकंड इयरच्या डेटा स्ट्रक्चर्स लॅबमध्ये पहिल्याच गटात एक प्रश्न आहे, वर्गातली काही पोरं क्रिकेट खेळतात, काही बॅडमिंटन, काही फुटबॉल, तर क्रिकेट आणि बॅडमिंटन दोन्ही खेळणारी कोण, दोन्हीपैकी एकच खेळणारी कोण, या दोन्हीपैकी एकही न खेळणारी किती, हे काढा, आणि अट अशी की पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली सेटची तयार फंक्शन्स वापरायची नाहीत, लूप लावून, म्हणजे एकेक नाव पुन्हा पुन्हा तपासत, स्वतः करायचं. किती सुंदर प्रश्न आहे हा! पोराने एक तास याच्याशी झटापट केली तर युनियन, इंटरसेक्शन, डुप्लिकेट नाव दोनदा मोजलं जाणं, लिस्टवर फिरताना त्याच लिस्टमधून काढून टाकलं की मधलंच एखादं नाव निसटणं, हे सगळं एका फटक्यात शिकून होतं. पण पोरं झटापट करतच नाहीत, कारण उत्तर तीन वर्षांपूर्वीच्या पीडीएफमध्ये आहे, व्हेरिएबलच्या नावांसकट.

आमच्या वेळी वेगळं होतं असं अजिबात नाही. तेव्हा टर्बो सीची निळी स्क्रीन होती आणि प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात व्हॉइड मेन, मग स्क्रीन साफ करायचं ते सीएलआरएससीआर, शेवटी गेट-सीएच. देवाला आधी हळद मग कुंकू तसं. ते स्क्रीन साफ करणारं फंक्शन सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये नाहीच, बोरलँड कंपनीच्या कंपायलरने वरून दिलेलं आहे, हे कित्येकांना नोकरी लागल्यावर पहिल्यांदा लिनक्सवर कंपाइल करायला गेले तेव्हा कळलं. म्हणजे चार वर्षं रोज लिहिलेल्या ओळीबद्दल कोणाला काडीचीही शंका आली नव्हती. लेक्चरमध्ये कोणी सांगितलं नाही हे खरं, पण हाताने दुसऱ्या एखाद्या मशीनवर एकदा जरी चालवून बघितलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

आता इंटरव्ह्यूचं सांगते. मी फार अवघड विचारत नाही, मला त्याचा शौक नाही. मागच्या सीझनला एक मुलगी आली होती, मार्क उत्तम, पॉलिमॉर्फिझम ही पुस्तकातली एक संकल्पना विचारली तर व्याख्या, प्रकार, उदाहरण, सगळं धडाधड. मी म्हटलं बरं, या यादीतला सगळ्यात मोठा आकडा काढून दे, भाषा कुठलीही घे. तिने लिहिलं, मॅक्स बरोबर शून्य, मग लूप, मग आकडा मॅक्सपेक्षा मोठा असेल तर मॅक्स बदल. अगदी पुस्तकातल्यासारखं. मी विचारलं, समज ही लेहची जानेवारीतल्या रात्रीची तापमानं आहेत, मायनस आठ, मायनस चौदा, मायनस अकरा, तर तुझं उत्तर काय येईल? ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. उत्तर शून्य येणार, जे यादीत मुळात नाहीच. हे तिला दिसायला माझ्या दोन हिंट लागल्या, पण एकदा दिसल्यावर तिने जे केलं ते मला आवडलं, तिने मॅक्स बरोबर यादीतला पहिला आकडा असं केलं आणि लगेच आपणहून म्हणाली मॅम पण यादी रिकामी असली तर? तिला मी घेतलं. डोकं होतंच की तिच्याकडे, चार वर्षांत कोणी तिला मायनसमधली यादी दिली नव्हती एवढंच.

प्रोग्रॅमिंग शिकणं म्हणजे ही मायनसमधली यादी कोणीतरी आपल्यासमोर टाकणं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती लेक्चरमध्ये टाकता येत नाही, म्हणजे टाकता येते पण कोणाला लागत नाही. स्वतःचा प्रोग्रॅम तोंडावर आपटला की लागते.

घरातलंच उदाहरण देते. आम्ही सिंहगड रोडला राहतो, उन्हाळ्यात इथे पाण्याचे टँकर म्हणजे काय प्रकार असतो ते इथल्या वाचकांना सांगायला नको. टँकर आला की गेटवरचे काका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकतात, अमुक लिटरचा आला. सेक्रेटरी काकांना टँकरवाल्याचं बिल जुळवायचं होतं. भाचा म्हणाला, आत्या हे तर पायथॉनमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, चॅट एक्स्पोर्ट करू, टेक्स्ट फाइल मिळते, आकडे उचलू, बेरीज करू. मी म्हटलं कर. मी शेजारी शेंगा सोलत बसले, कीबोर्डला हात लावणार नाही हे आधीच सांगून.

पहिल्या दोन टँकरची बेरीज केली, एक दहा हजार लिटरचा, एक पाच हजारचा. उत्तर आलं १००००५०००, त्याने नीट शून्यं मोजली तर दहा कोटी पाच हजार लिटर! अर्ध्या सोसायटीला पोहायला पाणी. तो हसायलाच लागला आणि मग एकदम गप्प झाला, कारण काय झालंय हे त्याला कळलं होतं. फाइलमधून येतं ते टेक्स्ट असतं, टेक्स्टमध्ये अधिक चिन्ह टाकलं की बेरीज होत नाही, एकाला दुसरं चिकटतं, १०००० ला ५००० चिकटून १००००५०००. हेच त्याने इनसेमच्या, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेच्या, पेपरात लिहून मार्क मिळवले होते. तरी केलंच. आता जन्मात करणार नाही.

मग आकड्यात रूपांतर करायचं इंट फंक्शन लावलं आणि तो घाबरला, कारण रात्रीचे काका मराठी कीबोर्ड वापरतात, ते १०००० असं देवनागरीत लिहितात, दिवसाचे काका इंग्रजी आकड्यात. त्याने बिचाऱ्याने देवनागरी एक म्हणजे इंग्रजी एक, दोन म्हणजे दोन, असा तक्ताच लिहायला घेतला. मी म्हटलं आधी एकदा तसंच चालवून तर बघ. चाललं! पायथॉनचं इंट देवनागरी आकडे बिनतक्रार घेतं, युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या तक्त्यात, जे जे म्हणून दशमान अंक आहेत ते त्याला चालतात. हे मला माहीत होतं म्हणून मी म्हटलं, पण त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघण्यासारखा होता, एवढ्या मोठ्या भाषेला आपल्या गेटवरच्या काकांचं अक्षर कळतं म्हणून.

आणि पुढच्याच ओळीला धाडकन पडलं. काय तर कोणीतरी स्वल्पविराम देऊन १०,००० लिहिलं होतं. देवनागरी चालतं पण स्वल्पविराम चालत नाही. लाल अक्षरात भलीमोठी एरर आली की आमच्या पोरांची पहिली प्रतिक्रिया काय असते, विंडो बंद करायची किंवा फोटो काढून मित्राला पाठवायचा. मी एकच सांगितलं, शेवटची ओळ मोठ्याने वाच. त्याने वाचली, व्हॅल्यू एरर, इन्व्हॅलिड लिटरल, आणि पुढे अवतरणात तोच आकडा, स्वल्पविरामासकट. म्हणजे मशीन बोट ठेवून दाखवत होतं की हे बघ, हे मला कळत नाहीये. दीड वर्षात त्याला एररची शेवटची ओळ वाचायला कोणी सांगितलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, पण ती वर्गात सांगायची वेळच येत नाही, कारण वर्गात फळ्यावरच्या प्रोग्रॅमला एरर येत नाही.

स्वल्पविराम काढला तर पुढे कोणीतरी १० हजार असं अक्षरात लिहिलेलं. ते झालं तर एका मेसेजमध्ये टँकरचा नंबर होता, गाडीचा, तोच लिटर म्हणून बेरजेत गेला. ते झालं तर शेवटी एक मेसेज, वरचा टँकर आलाच नाही परत गेला. आता हे कोडमध्ये कसं पकडायचं? रात्री एक वाजता तो म्हणाला, आत्या, हे असं मेसेज टाकणं बंद करून काकांना एक साधा फॉर्मच दिला पाहिजे. मी काही बोलले नाही पण मनात म्हटलं, बाळा, याला आमच्याकडे रिक्वायरमेंट म्हणतात आणि ही गोष्ट कळायला लोकांना नोकरीत दोन-तीन वर्षं जातात.

दहा मिनिटांचं काम, अख्खी रात्र गेली. ती रात्र त्याच्या टर्मवर्कमध्ये कुठेही धरली जाणार नाही.

आता सर म्हणतील ही बाई एका भाच्यावरून सगळ्या शिक्षणव्यवस्थेचं निदान करतेय, म्हणून थोडे आकडे पण देते. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या जर्नलमध्ये २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांतले २२५ अभ्यास एकत्र करून तपासले. नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, आणि पोरांना वर्गातच काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. याच जर्नलमध्ये २०१९ साली हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांवरचा एक अभ्यास आला, तो तर मला फारच पटला. पोरांना विचारलं तर ती म्हणतात गुळगुळीत लेक्चरमधून आम्ही जास्त शिकलो, आणि टेस्ट घेतली तर जास्त शिकलेली असतात ती धडपडत स्वतः सोडवणारी. म्हणजे चांगलं लेक्चर ऐकलं की आपल्याला आलं असं वाटतं, येतंच असं नाही. यूट्यूबवर रात्र रात्र प्लेलिस्ट बघणाऱ्या पोरांनी हे लिहून भिंतीला चिकटवावं. दीडच्या स्पीडने बघतात, मान डोलावतात, सगळं कळतं, आणि रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही हं. २००१ मध्ये मॅकक्रॅकन नावाच्या प्राध्यापकांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांत पहिला प्रोग्रॅमिंगचा कोर्स केलेल्या पोरांची परीक्षा घेतली, साधे कॅल्क्युलेटरसारखे प्रोग्रॅम लिहायचे होते, ११० पैकी सरासरी मार्क किती पडले? २२.८९. तेव्हा जगभरच्या सरांना धक्का बसला होता, की आपण शिकवलं ते गेलं कुठे.

आता सरांच्या बाजूने बोलते, कारण लेक्चर नकोच म्हणणारे पण आमच्या इंडस्ट्रीत खूप आहेत आणि ते मला जास्त डोक्यात जातात. कॉलेज कशाला हवं, सगळं नेटवर आहे, असं टायवर बोट फिरवत सांगणारे. तसं नाहीये. त्याच टँकरच्या प्रोग्रॅममध्ये भाच्याला एकच मेसेज दोनदा पडलाय का ते शोधायचं होतं. त्याने लूपच्या आत लूप लावला, प्रत्येक ओळ बाकी प्रत्येक ओळीशी ताडून बघायची. काहीशे ओळी, लगेच झालं, साहेब खुश. मी त्याला तसलीच एक लाख ओळींची खोटी फाइल बनवून दिली. लॅपटॉपचा पंखा भणभणायला लागला, आम्ही जेवून उठलो तरी चालूच. एक लाख गुणिले एक लाख म्हणजे एक हजार कोटी तुलना, प्रत्येक जोडी एकदाच बघितली असं धरलं तरी पाचशे कोटी. आता तो कितीही तास प्रॅक्टिस करत बसला असता तरी यातून बाहेर कसं पडायचं हे त्याला आपोआप सुचलं असतं याची खात्री नाही, कोणाला सुचतं, बहुतेकांना नाही. तिथे मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पंधरा मिनिटं लेक्चर दिलं. आधी ओळी क्रमाने लाव, सारख्या ओळी आपोआप शेजारी येतील, मग फक्त शेजाऱ्याशी तुलना. क्रमाने लावायला एका लाखाला साधारण सतरा लाख तुलना लागतात, कारण लाखाला निम्मं निम्मं करत गेलं की सतरा वेळात एकावर येतो. त्याने बदललं, चालवलं, सेकंदभरात उत्तर. पोरगा कॅलेंडर फाडून घेऊन गेला.

हेच सगळं त्याला कॉलेजात शिकवून झालं होतं, चांगल्या सरांनी शिकवलं होतं, त्याच्या वहीत आहे. पण तेव्हा त्याचा पंखा भणभणला नव्हता ना. माझं म्हणणं एवढंच आहे की लेक्चर आधी आणि झटापट नंतर, हा क्रम बऱ्याच ठिकाणी उलटा करायला पाहिजे. आधी अर्धा तास अडकू द्या, मग फळ्याकडे वळा, तेव्हा पोरं पिनड्रॉप सायलेन्समध्ये ऐकतात, मी स्वतः ऑफिसातल्या ट्रेनिंगला बघितलंय.

अगदीच नवख्याला मात्र असं पाण्यात ढकलू नये, तेही सांगते. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८५ मध्ये ग्रॅहम कूपर यांच्याबरोबर बीजगणितावर प्रयोग करून दाखवलं होतं की सुरुवातीला नुसतीच गणितं सोडवत बसण्यापेक्षा सोडवलेली गणितं पायरी पायरीने बघितलेली पोरं पुढे जास्त पटकन सोडवतात. तर सुरुवातीला चालणारा प्रोग्रॅम समोर ठेवा, वाचायला लावा, ही ओळ काढली तर काय होईल ते आधी सांग आणि मग काढून बघ, असं करा. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल म्हणून प्रकल्प आहे, फुकट, मराठीतूनही आहे, त्यात छोटे छोटे व्हिडिओ असतात आणि पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्या स्क्रीनवर तुम्ही तेच स्वतः टाइप करत जायचं. नुसतं बघायचं नाहीच. गावाकडून आलेल्या पोरांना मी हेच सांगते, कर्वेनगरात बोर्ड लावून शंभर टक्के जॉब गॅरंटी विकणाऱ्यांकडे जायच्या आधी महिनाभर हे करून बघा. आणि ज्यांना कोर्सच करायचाय त्यांनी आपल्याच पुण्यातल्या सीडॅक या सरकारी संस्थेच्या पीजी डिप्लोमाचा आराखडा बघावा, ९०० तासांचा कोर्स, त्यात लॅबला केवढा वाटा दिलाय ते बघा, आणि मग बोर्डवाल्याला विचारा तुमच्याकडे लॅब किती तास.

चॅटजीपीटीचा विषय कोणीतरी काढणारच म्हणून एकच वाक्य, २०२२ च्या नोव्हेंबरात ते आल्यापासून सिनियरच्या पीडीएफची जागा त्याने घेतली एवढाच फरक माझ्या तरी नजरेला पडलाय, उतरवून काढणारा तेव्हाही उतरवत होता, आणि अडकल्यावर नेमका प्रश्न विचारणाऱ्याला तेव्हा सिनियर उपयोगी पडायचा, आता हे पडतं.

मग करायचं काय? माझी मागणी अवाढव्य नाहीये, सिलॅबस बदला, पॅटर्न बदला असं मी म्हणतच नाही, ते दर काही वर्षांनी बदलतच असतं. हाताने लिहायचं राइट-अप तेवढं बंद करा, किंवा एका पानावर आणा, आणि त्या वेळात मॅडमनी पोराच्या मशीनपाशी जाऊन एक छोटा बदल सांगावा. क्रिकेट, बॅडमिंटन, फुटबॉल झालं ना, आता चौथा खेळ घाल, कबड्डी. बस. पीडीएफवाला तिथल्या तिथे उघडा पडतो, आणि ज्याने स्वतः केलंय त्याला पाच मिनिटं लागतात. सही त्यावर करा. परीक्षेतल्या चिठ्ठीवर पण मूळ प्रश्न तोच ठेवा हवं तर, खाली एक ओळ नवीन छापा जी पोरांनी आधी बघितलेली नाही, आणि लॅबमध्ये भाषेची डॉक्युमेंटेशन उघडू द्या, आम्ही ऑफिसात दिवसभर तेच उघडून बसतो, आम्हाला काही पाठ नसतं.

आणि कॉलेज सुटल्यावर लॅबला कुलूप लावू नका. ही गोष्ट लॅपटॉप असणाऱ्यांना कळत नाही. भाच्याच्या वर्गात परभणीकडचा एक मुलगा आहे, नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहतो, त्याच्याकडे लॅपटॉप नाही, तो मोबाईलवर अंगठ्याने पायथॉन टाइप करतो. अंगठ्याने! पायथॉनमध्ये ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, एक स्पेस इकडची तिकडे झाली की प्रोग्रॅम पडतो, आणि हा पोरगा सहा इंचाच्या स्क्रीनवर स्पेस मोजत बसतो. कॉलेजात साठ मशीन पाच वाजल्यानंतर अंधारात पडून. या मुलाला सर जे लेक्चर देतील ते तो पहिल्या बाकावर बसून ऐकेल याची मला खात्री आहे, पण ऐकून झाल्यावर त्याने करायचं कुठे?

सरांना एक विनंती. शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये आजूबाजूची सात-आठ पोरं लॅपटॉप घेऊन जमतात, परभणीचा पण येतो, त्याला मी माझा जुना देते. मला थिअरी चांगली शिकवता येत नाही, कॅलेंडरवर जेवढी मावते तेवढीच येते. सरांनी यावं, अर्धा तास पोरांना अडकू द्यावं, आणि मग बोलावं. पत्त्यासाठी संपादकांकडे माझा नंबर दिलेला आहे.

बाकी आई-वडिलांना एवढंच सांगणं, की आता प्रवेशाचे कॅप राउंड सुरू होतील, कॉलेजं बघायला जाल, तिथे काउंटरवर पॅकेज किती आणि कॅन्टीन कसं हे विचाराल ते विचाराच, पण लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते आणि सुट्टीच्या दिवशी किल्ली कोणाकडे असते हेही विचारा, आणि जमलं तर सेकंड इयरच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा की तुझा शेवटचा प्रोग्रॅम कशामुळे पडला होता. त्याला सांगता आलं तर फॉर्म भरा.

कळावे,
एक वाचक,
सिंहगड रोड, पुणे